पत्ता खालून वाचणारे रुपराव

आमच्या गल्लीत शिकलेली माणसं भरपूर. इतकी, की कचऱ्याच्या गाडीवाल्यालासुद्धा ओला कुठला आणि सुका कुठला यावर दोन-तीन मतं ऐकल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्यात सगळ्यांत कमी शिकलेले रुपराव. मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. म्हणून गल्लीची मीटिंग असली की त्यांना खुर्च्या मांडायला आवर्जून बोलावतात, आणि मत विचारायची वेळ आली की चहा सांगायला पाठवतात.

रुपरावांना त्याचं काही वाटत नाही. बहात्तरी ओलांडलेला माणूस, अंगात बंडी, कानात अत्तराचा बोळा, आणि खिशात काडी तुटलेला चष्मा. डाकेच्या छाटणीत छत्तीस वर्षं काढली. कोणी चुकून पोस्टमन म्हटलं की लगेच दुरुस्ती करतात.

"पोस्टमन दारावर येते, त्याले चहा मिळते, दिवाळी मिळते. आमी मधातले. आमाले कोणी पाह्यलंच नाही गा."

त्यांचं काम असं की समोर खणांचं लाकडी कपाट, हातात पत्रांची चवड, आणि प्रत्येक पत्र आपापल्या गावाच्या खणात टाकायचं. पत्र हातात किती वेळ असायचं? डोळ्याची पापणी लवेल तेवढा. एवढ्यात सगळा पत्ता वाचून होत नाही, म्हणून छाटणीवाले पत्ता खालून वाचतात. आधी पिनकोड आणि जिल्हा, मग तालुका, मग गाव. माणसाचं नाव सगळ्यात शेवटी, आणि तेही ज्याला लागेल त्यानं वाचावं.

नोकरी सुटली, सवय नाही सुटली. रुपराव लग्नपत्रिकाही खालून वाचतात. त्यामुळं त्यांना आधी कळतं की चिंटू-पिंटूंनी आपल्या मामाच्या लग्नाला आग्रहाने बोलावलं आहे, मग कार्यालय कळतं, आणि नवरदेव कोण हे जेवणाच्या वेळेपर्यंत कळलं तरी त्यांना चालतं. गल्ली हसते. आमचे मोठे दीर, मनोहरराव, त्यांना 'उलटे रुपराव' म्हणतात. मनोहरराव एका सरकारी खात्यातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत. ते सगळं वरून वाचतात, आणि पहिल्या ओळीतच त्यांचं मत तयार होतं.

रुपराव असे उलटे का झाले, हे त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, मला एकदा ब्लाउजचं माप देता देता सांगितलं. मी घरी फॉल-पिको आणि शिवणकाम करते, त्यामुळं गल्लीचा इतिहास माझ्याकडं मापांसकट जमा होतो. रुपराव नागपूर जिल्ह्यातल्या नरखेडचे. तरुणपणी त्यांनी कुठल्याशा खात्यात अर्ज केला होता. मुलाखतीचं पत्र निघालं. त्यावर नाव बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, मुक्काम पोस्ट नरखेड बरोबर. फक्त पाठवणाऱ्या बाबूनं खाली जिल्हा लिहिला नव्हता. लिहायला त्याला शाईचा त्रास झाला असेल. आता सोलापूरकडंही एक नरखेड आहे. पत्र तिकडं गेलं, तिथल्या कुणा दुसऱ्या रुपरावाच्या शोधात फिरलं, आणि अकरा दिवसांनी आमच्या नरखेडला आलं. मुलाखत होऊन नऊ दिवस झाले होते. "तवापासून हे खालून वाचतेत," प्रयागबाई म्हणाल्या, "माह्या तोंडाकडं बी आधी पायाकून पाहात येतेत."

दुसरी सवय पाण्याची. हातात कुठलाही कागद आला की रुपराव आधी पाणी मागतात. पूर्ण गिलास पितात, घोट घोट. त्याचं कारण त्यांची आई, बायजाबाई. गावात तार आली की ही माउली वाचायच्या आधीच गळा काढायची. सगळी आळी गोळा व्हायची, कोणी चूल विझवायचं. एकदा असंच अर्धा तास रडून झाल्यावर मास्तरांनी तार वाचली, तर मुलीला मुलगा झाला होता. तेव्हापासून रुपरावांचा नियम ठरला, आधी पाणी, मग कागद.

हे सगळं सांगायचं कारण माझी मुलगी काजल.

काजलला नर्स व्हायचं आहे. लहानपणी बाहुलीला सुई टोचणाऱ्या पुष्कळ असतात, पण ही माझ्या पिकोच्या सुईनं टोचायची. बारावीनंतर तिनं प्रवेशपरीक्षा दिली, पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं. दुसऱ्यांदा बसली. यंदा गुण बरे होते, पण पहिल्या फेरीत नाव नाही लागलं. आता दुसरी फेरी. इथं नागपूरच्या सरकारी नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली तर शिकायचं. खासगीचं नाव घरात कोणी काढत नव्हतं, आणि तिसरं वर्ष थांबायला तीच तयार नव्हती. "आई, हे शेवटचं," ती म्हणाली होती. मी मंगळवारी टेकडीच्या गणपतीला गेले, हात जोडले, काही मागितलं नाही. त्याला माहीत असतं. आणि माझ्यामागं रांगेत बरीच मंडळी यादी घेऊन उभी होती.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे गावाची ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. काजलचे बाबा गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला आहेत, ते दुकानाच्या पायऱ्यांवरूनच मिरवणूक पाहतात. घरी मी, काजल आणि पाहुणे म्हणून मनोहरराव. मनोहरराव महिन्याभरापूर्वी 'सायबर जागृती'च्या एका कार्यक्रमाला जाऊन आले होते. तिथं त्यांना प्रमाणपत्र आणि टोपी मिळाली. प्रमाणपत्र त्यांनी लॅमिनेट केलं, टोपी ते घरातही घालत होते. आदल्या दिवशी पुरणपोळी खाता खाता त्यांनी आम्हाला फिशिंग समजावून सांगितलं होतं.

"फिशिंग म्हणजे मासेमारी. गळ टाकतात. आपण मासा."

"मग आपण काय करायचं, मोठे बाबा?" काजलनं विचारलं.

"सतर्क राहायचं," असं म्हणून त्यांनी आणखी तूप मागितलं.

तर मारबतीच्या दिवशी अकराच्या सुमारास काजलच्या मोबाइलवर मेल आला. बाहेर पोरं ओरडत होती, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत', आणि आत काजल पांढरी पडली. मेल इंग्रजीत. मनोहररावांनी टोपी सारखी करून मोठ्यानं वाचला आणि आमच्यासाठी मराठी केलं. प्रिय उमेदवार, तुमची जागा रोखून ठेवण्यात आली आहे. दोन तासांच्या आत खालील लिंकवर जाऊन लॉगिन, पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा क्रमांक टाका, नाहीतर प्रवेश कायमचा रद्द. वर राजमुद्रा होती. खाली लाल अक्षरं.

"दोन तास!" मनोहरराव उठून उभे राहिले. "आणि त्यातली दहा मिनिटं तुम्ही रडण्यात घालवलीत. पासवर्ड टाक लवकर!"

"मोठे बाबा, पण तुम्हीच काल म्हणालात की…"

"ते बँकेचं. हे शासनाचं आहे. शासन कधी गळ टाकतं का?"

यावर मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण मोठ्या दिरांपुढं बोलायची आमच्याकडं पद्धत नाही. काजलचा पासवर्ड वहीत लिहिलेला. वही सापडेना. ती पलंगाखाली शोधत होती, मी शिवणाच्या कपड्यांत शोधत होते, आणि मनोहरराव घड्याळ पाहत किती मिनिटं राहिली ते ओरडून सांगत होते. तेवढ्यात दारात रुपराव. प्रयागबाईंची फॉल लावलेली साडी न्यायला आले होते.

"काय झालं वं? काहून रडून राहिली पोरगी?"

काजलनं रडत रडत सांगितलं. रुपराव खुर्चीवर टेकले.

"वंदना, पाणी आण."

"रुपराव, इथं एक तास बेचाळीस मिनिटं राहिली आहेत!" मनोहरराव ओरडले.

"मंग तं लय टाइम हाय."

मी पाणी दिलं. ते घोट घोट प्यायले. दोन मिनिटं गेली असतील. पण खरं सांगते, त्या दोन मिनिटांत काजलचं रडणं थांबलं, आणि वहीही सापडली. माझ्याच हातात होती.

रुपरावांनी चष्मा लावला, मोबाइल हातभर लांब धरला.

"कोणाचं पत्र हाय?"

"हे काय, 'प्रवेश कक्ष' असं नाव आहे ना वर," मनोहरराव म्हणाले.

"हे तं धाडणाऱ्यानं सोताच लिवलं. पाकिटाच्या मांगं कोणी बी कलेक्टर लिहीन, त्याले का लागते? पोरी, याचा पुरा पत्ता दिसते का कुठं?"

काजलनं नावावर बोट ठेवलं. लांबलचक पत्ता उघडला. रुपराव अर्थातच शेवटाकडून वाचायला लागले. इंग्रजी अक्षर त्यांचं चांगलं आहे, छत्तीस वर्षं दुसरं केलं काय.

"कॉम. त्याच्या आंधी सीटकन्फर्म. त्याच्या आंधी इन. मंग गव्ह. मंग नर्सिंगप्रवेश."

"आहे की नाही गव्ह डॉट इन!" मनोहररावांनी टाळी वाजवली. "म्हणजे सरकारच!"

"हाय नं. पण मधात हाय." रुपरावांनी मोबाइल मांडीवर ठेवला. "मनोहरराव, तुमी ऑफिसर होते, तुमीच सांगा. मुक्काम नागपूर, तालुका नागपूर, आन् खाली जिल्हा छिंदवाडा लिवलं, तं चिठ्ठी कुठं जाईन?"

मनोहररावांनी टोपी काढून हातात घेतली. मग बारीक आवाजात म्हणाले, "छिंदवाड्याला."

"मंग! नागपूर किती बी वेळा लिवा वरतं. काजल, प्रवेशवाल्यायचं आंधीचं खरं पत्र हाय का तुह्यापाशी? फॉर्म भरला तवाचं?"

होतं. अर्ज भरल्याची पोच जुलैत आली होती. तिचा पत्ता उघडला. तो गव्ह डॉट इनवरच संपत होता, त्याच्यापुढं कोणाचं शेपूट नव्हतं. रुपरावांनी दोन्ही पत्ते काजलकडून कागदावर एकाखाली एक लिहून घेतले. मग मलाही दिसलं. मी मराठी शाळेत शिकलेली, पण शेपूट ओळखायला इंग्रजी लागत नाही.

"आन् हे पाह्य," ते म्हणाले, "खऱ्या पत्रात तुह्यं नाव हाय, नंबर हाय. यात का हाय? प्रिय उमेदवार. ज्याले तू मालूम नाही, त्याले तुही सीट कशी मालूम वं?"

"रुपराव, यालाच फिशिंग म्हणतात," मनोहरराव घाईनं म्हणाले. "मासेमारी."

"मासेमारी मी कन्हानले पाह्यली हाय गा. पण तिथं कोणी मासोळीले 'प्रिय मासोळी, दोन तासात जाळ्यात ये' असं लिवत नाही. या चोराईले म्हणा, मासेमाराईकून काही तरी शिका."

काजल हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

"पण काका," तिनं विचारलं, "माझा पासवर्ड घेऊन हे करणार काय?"

"चोर का करीन ते चोराले मालूम. तुह्या नावानं आत घुसून सीट नको म्हणीन, नाही तं आणखी काही. आपण किल्ली काहून द्यावी?"

मग त्यांनी तिला लिंकला हातही लावू दिला नाही. अर्जाच्या पावतीवर छापलेला वेबसाइटचा पत्ता तिनं स्वतः टाकला, आत गेली. दुसऱ्या फेरीची यादी अजून लागायचीच होती. जागाच नव्हती, तर रोखणार कोण? मेल फसवा म्हणून कळवून टाकला. बाहेर पोरं अजून ओरडत होती. मी मनातल्या मनात म्हटलं, मारबतबाई, जाता जाता या सीटकन्फर्मवाल्यालाही घेऊन जा.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आमच्याकडं मनोहरराव आहेत.

त्याच संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर मनोहररावांचा संदेश आला. 'पुतणीवरील सायबर हल्ला मी कसा परतवला.' एकूण चौदा मुद्दे. रुपरावांचा उल्लेख सातव्यात होता, 'एका शेजाऱ्याच्या उपस्थितीत' असा. खाली बत्तीस हात जोडलेले आणि एकानं चुकून भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं.

आणि त्या दिवसापासून मनोहररावांना सगळंच खोटं दिसू लागलं. लाइट बिलाचा संदेश खोटा. मंदिराच्या भंडाऱ्याचं आमंत्रण खोटं, म्हणून ते गेले नाहीत, नि बुंदी संपल्यावर खरं निघालं. त्यांच्या साळ्यानं वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, तर त्यालाच फोन करून विचारलं, तू खरंच पाठवल्या का. साळा अजून रागावलेला आहे. काजलला त्यांनी सक्त सांगितलं, "ज्या मेलमध्ये घाई, तो मेल खोटा. उघडायचाच नाही. सरळ उडवायचा."

गणपती विसर्जनानंतर पाचव्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास मी मशीनवर बसले होते. काजल जेवता जेवता सहज म्हणाली, "आई, काल पुन्हा तसाच मेल आला होता. उद्या पाचपर्यंत हजर व्हा म्हणे. मी मोठ्या बाबांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले उडव. उडवला."

माझ्या मशीनची सुई तिथंच थांबली.

"उद्या म्हणजे कधी?"

"उद्या म्हणजे… आज."

गणपतीचं नाव घेतलं आणि उठले. नुसतं नाव घेऊन बसले असते तर त्यालाही आवडलं नसतं. काजलचा हात धरला, मोबाइल घेतला, आणि समोरच्या घरी गेलो. रुपराव ओसरीवर तांदूळ निवडत होते. मी सांगितलं. या वेळी मी पाणी स्वतःच नेलं होतं. त्यांनी गिलासाकडं पाहिलं, दोन घोट प्यायले आणि बाजूला ठेवला. त्यांना अर्धा गिलास ठेवताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"उडवलेलं कुठं जाते वं?"

"टोपलीत जातं, काका. ट्रॅशमध्ये."

"मंग हाय. आमच्याकडं बी बेवारस चिठ्ठ्यांची पेटी राहे. त्यात लोकाईच्या नोकऱ्या सापडत. काढ."

काजलनं टोपली उघडली. मेल सापडला. रुपरावांनी तिलाच वाचायला लावलं, आणि कुठून ते सांगावं लागलं नाही.

"इन," काजल वाचू लागली. "त्याच्या आधी गव्ह. त्याच्या आधी नर्सिंगप्रवेश. त्याच्या आधी… काही नाही. ॲट आहे."

"शेपूट?"

"नाही."

"आत नाव कोणाचं?"

"माझं. काजल प्रभाकर बारापात्रे. अर्ज क्रमांक…" तिनं पावती काढून ताडून पाहिला. "बरोबर आहे, काका."

"पासवर्ड मांगते का?"

"नाही. ओरिजिनल कागद घेऊन कॉलेजला या म्हणते."

"हे आपल्याच गावचं हाय," रुपराव म्हणाले. "तरी बी दार आपल्याच किल्लीनं उघड."

काजलनं लिंक सोडून दिली, पुन्हा वेबसाइटचा पत्ता स्वतः टाकला, आत गेली. हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं. दुसरी फेरी, जागा मिळाली. सरकारी नर्सिंग कॉलेज, नागपूर. हजर होण्याची शेवटची वेळ आज सायंकाळी पाच.

दीड वाजला होता.

रुपरावांनी बंडीवर सदरा चढवला. "तुम्ही कशाला येता?" मी म्हटलं. ते म्हणाले, "खोटं पत्र थांबवलं तं चालते. खरं थांबलं तं माह्या डोक्यावर पाप हाय." आणि काजलच्या कागदांची फाइल काखेत मारून ऑटोत पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसले. ऑटो निघता निघता मनोहररावांचा फोन आला. काजलनं त्यांना कळवलं होतं.

"जाऊ नका! ही नवीन पद्धत आहे. बोलावून घेतात आणि किडनी काढतात!"

"मोठे बाबा, ते सरकारी कॉलेज आहे."

"बोर्ड कोणीही लावू शकतो!"

खरं आहे. तेवढं ते शिकले होते.

कॉलेजात रांग होती. एक बाई कागद तपासत होत्या. दहावी, बारावी, टीसी, अधिवास, जातीचा दाखला, फोटो. मी प्रत्येक कागदाला एकदा मनात नमस्कार केला. जात पडताळणीच्या कागदाशी त्या थांबल्या, मी त्या कागदाला दुसरा नमस्कार केला, पण त्यांच्याकडून फक्त स्टेपल निघत नव्हतं. रुपरावांनी खिशातून नेलकटर काढून दिलं. चार वाजून दहा मिनिटांनी शिक्का बसला. आमच्यामागं एक मुलगी धापा टाकत आली. तिनं मेल कालपासून उघडलाच नव्हता, का ते मी विचारलं नाही. कोण जाणे, तिच्याकडंही एखादे टोपीवाले असतील. तिला वेळ होता, तिचंही झालं.

काजल पावती घेऊन बाहेर आली आणि रुपरावांच्या हातात दिली. त्यांनी झाडाखालच्या कट्ट्यावर बसून चष्मा लावला. मी बाटली पुढं केली. त्यांनी मान हलवली, नको. मग बोट ठेवून वाचू लागले, आपल्या पद्धतीनं, अगदी खालच्या ओळीपासून. शिक्का. तारीख, आजची. पिनकोड. जिल्हा नागपूर. कॉलेजचं नाव. बी.एस्सी. नर्सिंग, प्रथम वर्ष. बोट हळूहळू वर सरकत होतं आणि काजल शेजारी उभी राहून वाट पाहत होती.

"काजल प्रभाकर बारापात्रे," ते शेवटी म्हणाले. "बरोबर गावी आली."